कॅमेऱ्यात हिम आणि परातीत पाऊस पकडणारा शेतकरी

शेतकरी माणसाला नाद नसावा, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. नाद म्हटला की तमाशाचा, पत्त्यांचा, नाहीतर शर्यतीच्या बैलांचा. घर धुऊन नेणारे नाद पुष्कळ आहेत, यात शंका नाही. पण एका दूधवाल्या शेतकऱ्याला लहानपणी असा काही नाद लागला, की त्यातून साऱ्या जगाच्या हवामानशास्त्राला आणि पुढे मृदसंधारणालाही उपयोग झाला. त्याचे नाव विल्सन बेंटले. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सरहद्दीलगत व्हरमाँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. तिथल्या जेरिको या गावात ९ फेब्रुवारी १८६५ रोजी तो जन्मला आणि त्याच गावात, त्याच वस्तीवरच्या घरात २३ डिसेंबर १९३१ रोजी त्याने प्राण सोडला. मधल्या ६६ वर्षांत त्याने दूध काढले, गवत कापले, आणि हिमकणांचे ५००० हून अधिक फोटो काढले.

आपल्याकडे गारा सगळ्यांना ठाऊक आहेत. द्राक्षबागायतदाराला तर जास्तच. हिम मात्र वेगळे. गार म्हणजे वादळी ढगात थरावर थर चढून घट्ट झालेला बर्फाचा गोळा. हिम म्हणजे ढगातली वाफ पाणी न होता थेट गोठून तयार झालेली बारीक नक्षी. पिंजलेल्या कापसासारखे ते हलके हलके खाली येते. जेरिकोच्या भागात वर्षाकाठी सुमारे १२० इंच हिम पडते, म्हणजे जवळजवळ दोन पुरुष उंच. तिथल्या शेतकऱ्याला हिवाळा म्हणजे डोक्याला ताप. रस्ते बंद, गोठ्याचे दार उघडायला फावडे घ्यायचे, चारा साठवलेला तेवढाच. त्या हिमाकडे आवडीने बघणारा पोरगा गावाला येडा वाटला, यात नवल नाही.

आईचा सूक्ष्मदर्शक

विल्सनची आई लग्नाआधी शाळेत शिकवायची. तिने पोराला चौदा वर्षांचा होईपर्यंत घरीच शिकवले. घरात ज्ञानकोशाचे खंड होते, ते त्याने वाचून काढले. आईकडे शाळेतल्या दिवसांचा एक जुना, छोटा सूक्ष्मदर्शक होता. पंधराव्या वर्षी तो विल्सनच्या हाती आला आणि पोराचे ध्यान लागले. पाण्याचा थेंब, पाखराचे पीस, फुलाची पाकळी, दगडाची कपची, जे सापडेल ते तो भिंगाखाली धरायचा. एके दिवशी त्याने हिमाचा कण ठेवला. सहा टोकांची, रांगोळीसारखी रेखीव आकृती दिसली. दुसरा कण ठेवला, तिचीही टोके सहाच, पण नक्षी निराळी.

त्याने चित्रे काढायला सुरुवात केली. दोन-तीन हिवाळे तो कागद-पेन्सिल घेऊन बसला. अडचण अशी की चार रेघा ओढेपर्यंत कण विरघळायचा. आपण एवढे सुंदर काहीतरी पाहतो आणि दुसऱ्याला दाखवू शकत नाही, ही टोचणी त्याला लागली. सूक्ष्मदर्शकाला जोडता येईल असा कॅमेरा मिळतो, हे त्याला वाचनातून कळले होते. मग घरात हट्ट सुरू झाला.

गोठ्याच्या मोलाचा कॅमेरा

कॅमेरा आणि त्याला जोडायचा चांगला सूक्ष्मदर्शक मिळून किंमत सुमारे १०० डॉलर. त्या काळी त्यांच्या गोठ्यातल्या दहा गाईंची किंमत तेवढी होत होती, असे सांगतात. आता विचार करा. आपल्या घरात सतरा वर्षांच्या पोराने म्हणावे, गोठ्याच्या किमतीची वस्तू आणून द्या, मला बर्फाचे फोटो काढायचेत. बाप काय म्हणेल? विल्सनच्या बापालाही ते खुळच वाटले आणि मरेपर्यंत तसेच वाटत राहिले. पण आईने शब्द टाकला आणि बापाने पैसे मोजले. पोराच्या बाजूने घरात एक माणूस उभे राहिले, म्हणून पुढचे सगळे घडले.

कॅमेरा आला म्हणजे फोटो आले असे मात्र नाही. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी चौकट, भात्यासारखा मागेपुढे होणारा मधला भाग आणि फिल्मऐवजी काचेच्या पट्ट्या. शिकवायला कोणी नाही. हिमकणाचा असा फोटो अमेरिकेत तोवर कोणी काढलेला नव्हता. पहिला हिवाळा वाया गेला. चित्र कधी धुरकट यायचे, कधी काहीच यायचे नाही. दोन वर्षे हे चालले. अखेर १५ जानेवारी १८८५ रोजी, विसावे वर्ष पूर्ण व्हायला तीन-चार आठवडे असताना, काचेवर हिमकणाची पहिली स्पष्ट आकृती उमटली. पुढे तो सांगायचा, की त्या क्षणी त्या कॅमेऱ्यापुढे गुडघे टेकावेत असे त्याला वाटले होते. तोच कॅमेरा त्याने पुढे सेहेचाळीस वर्षे वापरला. नवा घेतला नाही.

काम कसे चालायचे

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. घराच्या मागे बिनशेगडीची एक थंड खोली होती. हिम पडायला लागले की बेंटले काळी पाटी घेऊन दारात उभा राहायचा. पाटीवर कण पडले की भिंगातून पटकन बघायचे. मोडके, एकमेकांना चिकटलेले कण पिसाने झाडून टाकायचे. एखादा धड कण दिसला, की केरसुणीच्या काडीच्या टोकाने अलगद उचलून काचेवर ठेवायचा आणि पिसाने हलकेच दाबायचा. हे करताना श्वास रोखून धरायचा, कारण तोंडाची वाफ लागली की कण गेला. हाताला ऊब नको म्हणून काच धरायचीही रीत ठरलेली.

कॅमेऱ्याचे तोंड खिडकीकडे असायचे, म्हणजे बाहेरचा उजेड कणातून आरपार येईल. कॅमेरा इतका लांब की मागे उभे राहून चित्र बघताना पुढचे स्क्रू हाताला पोचायचे नाहीत. त्यावर त्याने चाक आणि दोरीची जुगाड केली. मागे उभे राहून दोरी ओढली की पुढचा भाग सरकायचा. उजेड कमी असल्यामुळे दहा सेकंदांपासून दीड-पावणेदोन मिनिटांपर्यंत झाकण उघडे ठेवावे लागायचे. नंतर काचेची दुसरी प्रत काढून कणाभोवतीचा भाग धारदार चाकूच्या टोकाने खरवडायचा. त्यामुळे छापील फोटोत काळ्याभोर पार्श्वभूमीवर पांढरी नक्षी उठून दिसे. एकेका काचेला या कोरण्यात तासन्‌तास जायचे.

दर वादळाला तो वहीत नोंद ठेवायचा: तारीख, वेळ, थंडी किती, वारा कुठून, ढग कसले, कोणत्या जातीचे कण पडले. नुसता फोटो काढून तो थांबला नाही. कोणत्या थंडीत पट्टीसारखे सपाट कण येतात, कधी फांद्या फुटलेले येतात, वादळाच्या कुठल्या भागात कोणते जास्त, हा हिशेब तो लावत गेला. एकूण ५००० हून अधिक फोटो आणि सत्तेचाळीस हिवाळे, म्हणजे सरासरी एका हिवाळ्याला शंभराच्या आसपास. अंगावर काटा येईल अशा थंडीत उभे राहून मिळालेले हे पीक.

धंदा दुधाचाच

बापाचा १८८७ साली मृत्यू झाला. थोरला भाऊ चार्ल्स याच्यासह विल्सनने शेती सांभाळली. घराच्या एका भागात भावाचा संसार, दुसऱ्या भागात विल्सन आणि आजारी आई. त्याने लग्न केले नाही. आईची सेवा तिच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९०६ पर्यंत केली. सकाळ-संध्याकाळ धारा, उन्हाळ्यात गवत आणि बटाटे, अशी कामे होतीच. गाईंना काही हिमकणांचे कौतुक नव्हते.

गावाने त्याला समजून घेतले असेही नाही. बर्फ तर सगळीकडे पडलेलाच आहे, त्याचे फोटो कशाला, हा सरळ सवाल लोकांचा होता. एकदा त्याने गावातल्या सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवायचा कार्यक्रम ठेवला. पैसे नाहीत, हवा छान, तरी त्याला सोडून फक्त सहा माणसे आली. ग्रामसभेला कोरम भरत नाही तेव्हा आपल्याला कसे वाटते, ते सरपंच मंडळींना ठाऊक आहे. बेंटलेने त्यावरून कुणाशी भांडण केले नाही. तो घरी गेला आणि पुढच्या हिमाची वाट बघत बसला.

बाहेरच्या लोकांना कळायला तेरा वर्षे गेली. व्हरमाँट विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांनी हे फोटो पाहिले आणि हे छापलेच पाहिजे असा आग्रह धरला. दोघांच्या नावाने १८९८ साली एका नामांकित विज्ञान मासिकात लेख आला. त्यानंतर अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मासिकाने त्याचे लेख घेतले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने त्याच्या फोटोंच्या ५०० प्रती १९०३ साली आपल्या संग्रहात घेतल्या. महाविद्यालये, दागिन्यांचे कारागीर, कापडावर नक्षी काढणारे त्याच्याकडून चित्रे मागवू लागले. काचेच्या एका पट्टीला तो पाच सेंट घ्यायचा, म्हणजे जवळजवळ खर्चाच्या भावात. नॅशनल जिऑग्राफिक मासिकात १९२३ साली त्याचा लेख सचित्र छापून आला. शाळा महाविद्यालयाचे तोंड फारसे न पाहिलेल्या या शेतकऱ्याचे आयुष्यभरात सुमारे ६० लेख प्रसिद्ध झाले. एकसारखे दोन हिमकण मिळत नाहीत, ही आज जगभर पाठ झालेली गोष्ट लोकांच्या मनात रुजवली ती त्यानेच.

आक्षेपही आले. हेलमान नावाच्या जर्मन हवामानशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की खरे हिमकण एवढे रेखीव नसतात आणि काच खरवडताना कडा बिघडतात. यात तथ्य होते. बेंटले देखणे कण निवडायचा. वेडेवाकडे बाजूला जायचे. बियाण्यासाठी आपण निवडक कणसे ठेवतो आणि त्यावरून सगळ्या शेताचा अंदाज केला तर फसतो, तसेच हे. तरीही एवढा साठा आणि एवढ्या नोंदी दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या.

पिठाच्या परातीतला पाऊस

आता आपल्या कामाची गोष्ट. हिवाळ्यात हिम, मग पावसाळ्यात काय? तर पावसाचे थेंब. थेंब केवढा असतो हे मोजायचे कसे, तो तर पडल्याबरोबर फुटतो. बेंटलेने स्वयंपाकघरात उत्तर शोधले. पसरट भांड्यात चाळलेल्या बारीक पिठाचा इंचभर थर द्यायचा, भांडे पावसात काही सेकंद धरायचे आणि झाकून आत आणायचे. प्रत्येक थेंब पिठात शिरून आपल्याएवढी गोळी तयार करतो. गोळ्या वाळल्या की काढून मोजायच्या. गोळी आणि थेंब सारख्याच आकाराचे असतात का, हे तपासायला त्याने आधी मोजलेले थेंब उंचावरून पिठात पाडून पाहिले. मेळ जमला.

१८९८ पासून सहा वर्षांत ७० वेगवेगळ्या पावसांत त्याने ३४४ वेळा अशी मोजणी केली. सगळ्यात मोठा थेंब सुमारे पाव इंचाचा भरला. झिमझिम पावसाचे थेंब बारीक, वळवाच्या पावसाचे टपोरे, हे आपणही जाणतो. त्याने ते आकड्यांत मांडले आणि ढगांच्या उंचीशी जोडून दाखवले. उंच ढगांतला पुष्कळ पाऊस वर हिम असतो आणि खाली येताना वितळून थेंब होतो, पण सगळाच पाऊस तसा नसतो, हा निष्कर्षही त्याने काढला. १९०४ साली हा लेख छापला गेला आणि जवळजवळ चाळीस वर्षे तो कुणी उघडून पाहिला नाही.

मधल्या काळात अमेरिकेत जमिनीची अतोनात धूप झाली. सरकारला जाग आली आणि १९३५ साली मृदसंधारणाचे वेगळे खाते निघाले. त्या खात्यातले संशोधक लॉज आणि पार्सन्स यांनी पावसाचा जोर आणि थेंबांचा आकार यांचे नाते मोजले, ते याच पिठाच्या पद्धतीने. त्यांचा निबंध १९४३ साली आला. त्याच आकड्यांवरून पुढे विशमायर आणि स्मिथ यांनी १९५८ साली पावसाच्या मारक शक्तीचे गणित बसवले. जमिनीची धूप किती होईल याचा अंदाज करणारे सूत्र त्यातूनच उभे राहिले आणि ते भारतासह अनेक देशांत पाणलोटाच्या आराखड्यात वापरले जाते.

थेंबाला एवढे महत्त्व का? एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने पडतो, पाच मिलिमीटरचा सुमारे नऊ मीटर वेगाने. मोठ्या थेंबाचे वजन लहानाच्या १२५ पट. वजन आणि वेग दोन्ही धरले तर मोठ्या थेंबाचा दणका लहान थेंबाच्या सहाशे पटींहून जास्त बसतो. उघड्या रानात हा दणका मातीचे ढेकूळ फोडतो, बारीक कण उडवतो, छिद्रे बुजवतो. वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही, वाहायला लागते आणि सोबत वरची सुपीक माती घेऊन जाते. म्हणजे धुपीची सुरुवात ओघळीपासून धरायची चूक करू नये. ती पहिल्या टपोऱ्या थेंबापासून होते. बांध वाहते पाणी अडवतो. थेंबाचा मार अडवायला जमिनीवर काहीतरी अंथरलेले किंवा उगवलेले हवे. उसाचे पाचट, गव्हाचे काड, सोयाबीनचा भुसा, मटकी-हुलग्यासारखे पसरणारे आंतरपीक, यांचे मोल तिथे आहे. पाचट पेटवून देणारा माणूस जमिनीचे छप्परच जाळतो.

जमाखर्च

पैशांच्या हिशेबात बेंटले तोट्यात गेला. उतारवयात त्याने स्वतःच केलेला हिशेब असा, की या कामात सुमारे १५,००० डॉलर खर्च झाले आणि ४,००० च्या आसपास परत आले. अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेने १९२४ साली त्याला संशोधनासाठी अनुदान दिले ते २५ डॉलरचे. घर दुधावर चालले, म्हणून नाद चालला. हे तरुण वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. त्याने छंदापायी गोठा मोडला नाही आणि गोठ्यापायी छंदही मोडला नाही.

शेवटी हवामान खात्यातले शास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांच्या मदतीने त्याचे मोठे पुस्तक तयार झाले. २४०० हून अधिक निवडक फोटो असलेले हे पुस्तक नोव्हेंबर १९३१ मध्ये बाहेर पडले. पंधराव्या वर्षी लागलेली टोचणी, की हे दुसऱ्याला दाखवता आले पाहिजे, ती पन्नास वर्षांनी फिटली. डिसेंबरच्या सुरुवातीला हिमवादळातून तो सहा मैल पायी चालत घरी आला. भिजला, गारठला, छातीत सर्दी भरली. न्यूमोनिया झाला आणि नाताळच्या दोन दिवस आधी तो गेला. त्याच्या हाती पुस्तक जेमतेम महिनाभर राहिले.

ते पुस्तक जपानमध्ये पोचले. तिथले भौतिकशास्त्रज्ञ नाकाया यांना त्यातून प्रेरणा मिळाली. त्यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत कृत्रिम हिमकण वाढवून दाखवला आणि थंडी व दमटपणा यांवर आकार कसा ठरतो हे सिद्ध केले. बेंटलेच्या वहीतला अंदाज बऱ्याच अंशी खरा निघाला. सहा माणसे जमवणाऱ्या जेरिको गावात आज त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. त्याच्यावरच्या मुलांच्या सचित्र पुस्तकाला १९९९ साली अमेरिकेतला बालचित्रपुस्तकांचा मानाचा पुरस्कार मिळाला.

आपल्या शिवारात

बेंटलेजवळ होते ते काय? जुना सूक्ष्मदर्शक, एक कॅमेरा, केरसुणीची काडी, पीठ आणि वही. यातले बहुतेक आपल्या घरात आहे. कॅमेरा तर आता मोबाईलमध्ये घरोघर आला. पानावरचा करपा पहिल्या ठिपक्यापासून रोज एक याप्रमाणे टिपून ठेवला, किडीची अंडी कोणत्या तारखेला दिसली ते फोटोसह लिहून ठेवले, तर दोन हंगामांत आपल्या शिवाराची स्वतःची माहिती तयार होईल. फवारणी कधी करायची हे दुकानदाराला विचारायची वेळ कमी येईल. पण फोटोबरोबर तारीख, हवा आणि पिकाची अवस्था लिहिलीच पाहिजे. नोंद नसलेला फोटो म्हणजे लेबल नसलेली बियाण्याची पिशवी.

ग्रामपंचायत आणि शाळा मिळून आणखी एक गोष्ट करता येईल. पाऊस मंडळाच्या ठिकाणी मोजला जातो, पण एकाच मंडळात या गावाला झोडपतो आणि शेजारचे गाव कोरडे राहते, हा अनुभव नवा नाही. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी ठरल्या वेळी पोरांनी आकडा फळ्यावर लिहावा, वहीत उतरवावा. पहिल्या वळवाच्या पावसात पिठाची परात धरून थेंबही मोजावेत. पीठ वाया गेले म्हणून आई ओरडेल, तेवढे सोसावे.

आणि घरातल्या एखाद्या पोराला अशा कामाचा नाद लागलेला दिसला, तर त्याला लगेच येडा ठरवू नका. धारा काढून झाल्या का, एवढे विचारा आणि पुढे त्याला त्याचे करू द्या.